जुन्या फाँटांतील नकला व त्यांचें रूपांतर

इतिहाससाधनांच्या रक्षणाचा विचार करतांना आपण वाळवी, कसर व दमट हवा यांचीच काळजी वाहतों. आपण स्वतः केलेल्या नकला कोणत्या स्थितींत आहेत, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाहीं. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मोडी कागदांच्या ज्या बालबोध नकला संगणकावर झाल्या, त्यांपैकीं पुष्कळ आज कागदावर सुवाच्य परंतु संगणकांत दुर्बोध अशा विलक्षण अवस्थेंत आहेत. प्रस्तुत लेखांत या अवस्थेचीं कारणें सांगून तीवर उपाय सुचविण्याचें योजिलें आहे.

प्रथम आमचाच अनुभव नमूद करितों. २००२ सालीं एका घराण्याच्या दप्तरांतील शिवेच्या तंट्याचे कागद आम्हांस पाहावयास मिळाले. त्या वेळीं प्रचारांत असलेल्या एका फाँटांत, पेजमेकरवर, आम्हीं त्यांच्या नकला उतरून घेतल्या व रुमाल मालकांस परत केला. पुढें एका पावसाळ्यांत छप्पर गळून तो रुमाल भिजला आणि मूळ कागदांचा लगदा झाला. आतां त्या मजकुरास आधार काय तो आमच्या नकलेचा. गेल्या वर्षीं आमचा जुना संगणक बंद पडला. फाईलींतील मजकूर नव्या यंत्रावर काढून पाहिला, तों बालबोध अक्षरांच्या जागीं रोमन अक्षरें व निरर्थक चिन्हें यांची खिचडी दिसली. सुदैवानें एक छापील प्रत आमच्या संग्रहीं होती, म्हणूनच हा लेख शोकलेख झाला नाहीं.

या घोटाळ्याचें मूळ असें. जुन्या फाँटांत संगणकास नागरी अक्षराची ओळख नसे. तो रोमन अक्षराचा क्रमांक सांठवी आणि फाँट त्या क्रमांकाच्या जागीं नागरी आकृति काढी. कोणत्या जागीं कोणती आकृति बसवावी, हें प्रत्येक फाँट करणारानें आपापल्या सोयीनें ठरविलें. त्यामुळें फाँट गेला कीं मजकुराची किल्ली गेली. किल्ली हरवलेल्या सांकेतिक पत्रासारखीच ही स्थिति होय. शिवाय अक्षरांचा क्रमही निराळा असे. ‘कीर्ति’ हा शब्द घ्या. जुन्या पद्धतींत ‘की’नंतर आधीं वेलांटी, मग त, व शेवटीं रफार, असा डोळ्यांस दिसणारा क्रम सांठविला जाई. युनिकोडांत र्, मग त, मग इकार, असा उच्चाराचा क्रम आहे. व्याकरणाच्या अभ्यासकास हा दुसरा क्रम सहज पटेल. कारण वेलांटी कोठेंही काढली तरी इकार तकारानंतरच उच्चारला जातो.

मग हें परिवर्तन आपण लवकर कां केलें नाहीं? युनिकोडाची पहिली आवृत्ति १९९१ सालची. तींत देवनागरीस १२८ जागा मिळाल्या, व त्यांची मांडणी १९८८ च्या भारतीय ‘इस्की’ संकेतावरून घेतलेली होती. परंतु १९८५ सालीं निघालेल्या पेजमेकरनें २००१ च्या शेवटच्या ७.० आवृत्तीपर्यंत युनिकोड स्वीकारलें नाहीं. त्याच्या जागीं आलेल्या इनडिझाईनमध्यें भारतीय लिप्यांची सोय २०१२ सालीं झाली. तोंपर्यंत ग्रंथ जुळविणारास दुसरा चांगला मार्ग नव्हता. जुन्या फाँटांतील जोडाक्षरें सुबक होतीं, हात त्यांवर बसला होता, आणि जुन्या ग्रंथाची पुनरावृत्ति काढावयाची तर जुनीच फाईल लागे. म्हणून ही टाळाटाळ केवळ हट्ट नव्हता. २०१२ नंतरची आमची टाळाटाळ मात्र निव्वळ आळसाची होती, हें कबूल केलें पाहिजे.

नव्या पद्धतींतही धोके आहेत. आमच्या शिवेच्या कागदांत ‘दऱ्या’ हा शब्द वारंवार येतो. रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीनें त्याचा सर्वत्र ‘दर्या’ केला, आणि घाटावरच्या गांवाच्या शिवेवर समुद्र आला! ‘आचार्याला’ व ‘आचाऱ्याला’ यांतील भेदही असाच नाहींसा होतो. इतकेंच नव्हे, तर हा अर्धा र युनिकोडांत दोन रीतींनीं लिहितां येतो. एकींत ‘ऱ’चा पाय मोडतात, दुसरींत ‘र’चा पाय मोडून पुढें एक अदृश्य जोडचिन्ह ठेवितात. दिसण्यांत दोन्ही सारखे. परंतु एका रीतीनें शोध घेतला असतां दुसऱ्या रीतीनें लिहिलेला शब्द हातीं लागेलच असें नाहीं.

तथापि धोक्यांच्या भीतीनें स्वस्थ बसणें हें अधिक घातक. मोडीचें उदाहरण आपल्यापुढें आहे. बंगालमधील श्रीरामपूर येथें केरीचें मराठी व्याकरण १८०५ सालीं नागरींत व कोश १८१० सालीं मोडी टाइपांत छापला गेला. पुढें छापखान्यांत नागरीच रूढ झाली. मोडीस युनिकोडांत जागा मिळाली ती २०१४ सालीं. मधल्या काळांत मोडी जाणणारे इतके विरळ झाले कीं, रुमाल आहेत पण वाचक नाहींत, ही तक्रार सर्वांच्या परिचयाची आहे. जुन्या फाँटांचे जाणकार तर याहून लवकर नाहींसे होतील.

यास्तव आमची सूचना अशी कीं, रूपांतर हें पोथीच्या संपादनाप्रमाणें करावें. मूळ फाईल व तिचा फाँट दोन्हीं राखावीं. फाँट चालत आहे तोंच प्रत्येक नकलेची एक छापील प्रत काढावी. रूपांतरित मजकूर तिच्याशीं ताडून पाहतांना एकानें मोठ्यानें वाचावें व दुसऱ्यानें पाहावें. रफार व अर्धा र यांवर विशेष नजर ठेवावी. शेवटीं पोथीच्या पुष्पिकेप्रमाणें मूळ फाँटाचें नांव, रूपांतराची मिति व रूपांतर करणाराचें नांव लिहावें. नकलनविसानें आपलें नांव व मिति लिहून ठेवली नसती, तर आपल्या कितीएक पोथ्यांचा काळ आज ठरला नसता. तीच शिस्त आतां आपणांस लावून घ्यावयाची आहे. आमच्या शिवेच्या कागदांचें काम या पद्धतीनें चालू असून निम्मे कागद ताडून झाले आहेत. ज्यांच्या संग्रहीं अशा नकला असतील, त्यांनीं त्या आजच उघडून पाहाव्या, ही विनंति.