शकुंतला मार्गाचे पूल : एक उपेक्षित साधन

एका बखरीच्या पानासाठीं दहा गांवें हिंडणारे आमचे संशोधक वाटेंतल्या लोखंडी पुलाकडे ढुंकूनहि पाहत नाहींत. वास्तविक जुना पूल हाहि एक लेखच होय.

यवतमाळ जिल्ह्यांत हा विचार आज निकडीचा झाला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं, वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या थोरल्या लोहमार्गास पोंचविण्यासाठीं, यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर असा ७६२ मिलिमीटर रुंदीचा मार्ग घालण्यांत आला. लोक त्यास ‘शकुंतला’ म्हणतात. १९२१ सालीं मँचेस्टरास घडविलेलें वाफेचें इंजिन त्यावर १९९४ पर्यंत राबलें. पुढें मार्ग रुंद करण्याची योजना निघाली. रुंद मार्गास अधिक भाराचे पूल लागतात. तेव्हां जुन्यांची गत काय होणार हें उघड आहे.

लोखंडी पुलांच्या जाती मुख्यतः दोन. तुळईपुलांत भार आडव्या तुळईवर पडतो. कैचीपुलांत तो त्रिकोणांच्या सांगाड्यांतून दोहों टोकांकडे जातो. बाजूंची लांबी न बदलतां त्रिकोणाचा आकार बदलत नाहीं, हें कैचीचें मर्म. दोहोंतहि वाचण्याजोगें पुष्कळ असतें. रिवेटांच्या ओळी वेल्डिंगपूर्व काळाची साक्ष देतात. पोलादावर उठविलेलें गिरणीचें नांव माल कोठला तें सांगतें. कारखान्याची पट्टी असल्यास ती कर्ता व साल देते. ती पुलाची पुष्पिकाच समजावी.

मुंबईचा कर्नाक पूल १८६८ च्या सुमाराचा मानीत असत. २०२२ च्या नोव्हेंबरांत तो पाडला, तेव्हां त्याच्या दगडांवर इंग्रजी, देवनागरी व गुजराती अक्षरें आणि १८५८ हा आंकडा होता. हे दोन आंकडे कसे जुळवावे, हा प्रश्न दगड राखले म्हणूनच विचारतां येतो.

यास्तव आमच्या संग्राहक मित्रांस एक विनंति आहे. अशी पट्टी काढून घरच्या कपाटांत ठेवूं नये. पुष्पिका फाडून घेतली म्हणजे पोथी अनाथ होते आणि पुष्पिकाहि मुकी होते. आधीं जागेवरच मापें घ्यावीं, छायाचित्रें काढावीं, अक्षरांचे ठसे उतरावे, व प्रत्येकाबरोबर नदीचें, गांवाचें नांव लिहावें. पूल उभा राखतां आला तर उत्तमच. न आला तर निदान एक गाळा, पट्टीसह, त्याच गांवीं राहावा.

कागद जळाल्यावर हळहळण्याची आम्हांस संवय आहे. येथें वेळ अद्यापि गेलेली नाहीं.