एका फुलाचे अत्तर

माजलगावच्या श्रोत्यांनी विचारलेला प्रश्न असा: मोगऱ्याच्या अत्तरात मोगरा नसतोच, मग त्याला मोगऱ्याचे का म्हणायचे? प्रश्न गमतीचा वाटतो, पण आपल्या दर्शनकारांनी त्यावर गंभीरपणे डोके शिणवले आहे.

न्याय-वैशेषिकांच्या मते गंध हा एकट्या पृथ्वीचा गुण. पाण्याला वास आला तर त्यात पृथ्वीचे कण शिरले, असे ते म्हणणार. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यातही दुसऱ्या अध्यायात हा वाद आहे. पूर्वपक्ष म्हणतो, वास फुलाला सोडून दूर जातो, तसे चैतन्यही आत्म्यापलीकडे पसरते. आणि कण उडत असतील तर फूल झिजायला नको का? आचार्यांना हे मान्य नाही. गुण आपला आश्रय सोडून एकटा हिंडत नाही. वास येतो तो सूक्ष्म कणांसह येतो. म्हणजे प्रश्न आत्म्याचा होता, दाखला फुलाचा. आमच्या मते दाखलाच जास्त टिकला!

कनौजची डेग आणि भपका पाहिला की हे पटतं. तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी, झाकण मातीने लिंपलेलं, तिथून बांबूची नळी थेट भपक्यात. भपका गार पाण्याच्या हौदात ठेवलेला आणि त्याच्या पोटात चंदनाचं तेल. वाफेबरोबर फुलातलं द्रव्य येतं, तेल ते धरून ठेवतं, पाणी नंतर खालून काढून टाकतात.

पण मोगऱ्याला फार आच सोसत नाही. तोडल्यावरही तो रात्रभर दरवळत राहतो, म्हणून जुनी रीत तिळाची. तीळ आणि ताजी फुलं यांचे थर द्यायचे, फुलं कोमेजली की बदलायची, तीळ पुरेसे वासले की घाण्यात घालायचे. हेच फुलेल. तीळ काय, आपल्या मराठवाड्याच्या शेतातलाच.

हा भाग कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता तेव्हा, बाराव्या शतकात, राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यात राजाच्या भोगांमध्ये गंधालाही जागा आहे. पुढे ‘गंधवाद’ नावाचा ग्रंथ झाला, आणि त्याची टीका चक्क मराठीत आहे. परशुराम कृष्ण गोडे यांनी त्याची पोथी अभ्यासली. १९८९ साली ती बडोद्याहून छापली गेली. गंधशास्त्राची मराठी टीका म्हटल्यावर कान टवकारायला हवेत. ही विद्या नुसती दरबाराची किंवा संस्कृत पंडितांची असती, तर मराठीत समजावून सांगायची गरज कुणाला पडली असती?

मात्र ‘एका फुलाचे’ हे बिरूद जुन्या ग्रंथांतही सरळ नाही. सहाव्या शतकातला वराहमिहिर ‘बृहत्संहिते’त चाफ्याच्या वासाच्या तेलाची कृती देतो. त्यात मंजिष्ठा आहे, कोष्ठ आहे, उन्हात तापवलेलं तिळाचं तेल आहे. चाफा नाही! म्हणजे फुलावाचून फुलाचा वास करणे ही काही आजच्या कारखान्यांची करामत नव्हे.

केवड्याचं उदाहरण तर फारच बोलकं. वास असतो तो नर झाडाच्या कणसाला. तो वाफेला टिकतो, म्हणून ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यात त्याच्या भट्ट्या आहेत. पण त्याच्या तेलात एकच रसायन, फिनाइल इथाइल मिथाइल ईथर, निम्म्याहून जास्त असतं आणि ते प्रयोगशाळेत सहज तयार होतं. त्यामुळे बाजारात केवडा स्वस्त झाला. चंदन महागलं तसं भपक्यातलं तेलही बदललं. बऱ्याच ठिकाणी आता पातळ पॅराफिन असतं.

नैयायिकाला विचारलं असतं, तर त्या स्वस्त कुपीतही पृथ्वीचेच कण आहेत, असं तो शांतपणे म्हणाला असता. कारखान्यातला रेणू आणि कणसातला रेणू यांत रसायनशास्त्रालाही फरक सापडत नाही. फरक उरतो तो बाकीच्या अंशांचा, जे केवड्याच्या कणसात आपोआप येतात आणि कारखान्यात मुद्दाम घालावे लागतात. दुकानदार ते घालत नाही आणि गिऱ्हाईक विचारत नाही.