संन्याशाची मुले
संन्याशाची मुले हा निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर, सोपानदेव व मुक्ताबाई या भावंडांना उद्देशून वापरला गेलेला हेटाळणीचा शब्दप्रयोग होय. त्यांचे मूळ गाव आपेगाव हे पैठणजवळ, गोदावरीच्या काठी आहे. बीड जिल्ह्याची उत्तर सीमा याच नदीने आखली आहे. वडील विठ्ठलपंत संन्यास सोडून गृहस्थाश्रमात परतल्यामुळे कुटुंब वाळीत पडले व मुलांची मुंज नाकारली गेली. परंपरेनुसार आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यावरही बहिष्कार उठला नाही, म्हणून भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली. शुद्धिपत्राचा काळ शके १२०९ (इ.स. १२८७) सांगतात. शके ११९७ हा प्रचलित जन्मशक धरल्यास ज्ञानेश्वर तेव्हा अवघे बारा वर्षांचे होते. उपलब्ध शुद्धिपत्राच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

पैठणच्या ब्रह्मवृंदाने थट्टा केली, की समोरून येणाऱ्या रेड्याचे नावही ग्यानाच आहे. रेड्यावर ओढलेल्या आसुडाचे वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उमटले व त्यांनी त्याच्या मुखातून वेद वदविले, अशी आख्यायिका आहे. ज्याला वेदाधिकार नाकारला, त्याच मुलाने तो मुक्या जनावरास दिला, हे या कथेचे खरे मर्म. भिंत चालविण्याची व पाठीवर मांडे भाजण्याची कथा तुलनेने निव्वळ अद्भुत वाटते.

अपमानाने व्यथित होऊन ज्ञानेश्वरांनी ताटी लावून घेतली, तेव्हा धाकट्या मुक्ताबाईने त्यांची समजूत काढली, असे ताटीच्या अभंगांबाबत सांगितले जाते. तेथे चमत्कार नाही.

महिपतीच्या ‘भक्तविजय’ ग्रंथाने या कथा घरोघरी पोहोचविल्या. १९४० साली प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’ चित्रपटाने त्या पडद्यावर आणल्या. रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यातील आळे येथे दाखवितात.