एका लोगोपायी गेलेली नावं

सिनेमा संपल्यावर वर सरकणारी नावं कोण वाचतं? आपण तोवर पार्किंगमध्ये पोचलेलो असतो. पण ज्याचं नाव त्यात असतं तो थांबतो. ही गोष्ट अशाच नावांची.

जपानच्या कॅपकॉमने २००४ साली क्लोव्हर स्टुडिओ ही उपकंपनी काढली. मालकी शंभर टक्के कॅपकॉमची. 'क्रिएटिव्हिटी' आणि 'लव्हर' मिळून झालेलं नाव. त्यात आणखी एक गंमत दडलेली: मिकामी मधला 'मि' म्हणजे तीन आणि इनाबा मधला 'बा' म्हणजे पान. ही दोघं तिथली मोठी मंडळी!

२००६ मध्ये त्यांचा 'ओकामी' आला, दिग्दर्शक हिदेकी कामिया. सूर्यदेवी अमातेरासू पांढऱ्या लांडग्याच्या रूपात फिरते आणि आपण ब्रशने आकाशात गोल काढला की सूर्य उगवतो. आधी हा गेम अगदी फोटोसारखा करायचा बेत होता. प्लेस्टेशन २ ला ते झेपेना, म्हणून शाईच्या जपानी चित्रांची शैली घेतली, आणि तीच त्याची ओळख झाली. समीक्षक खूश, खप मात्र बेताचा. ऑक्टोबर २००६ मध्ये घोषणा झाली आणि मार्च २००७ मध्ये स्टुडिओला टाळं लागलं. जेमतेम पावणेतीन वर्षांचं आयुष्य.

खरी गंमत पुढेच आहे. २००८ मध्ये कॅपकॉमने 'ओकामी' निन्टेन्डो वी वर आणला. काम दिलं रेडी ॲट डॉन या अमेरिकन कंपनीला. लोकांनी गेम संपवला, तर शेवटची श्रेयनामावली गायब! कॅपकॉमचं स्पष्टीकरण असं: त्या व्हिडिओत क्लोव्हरचा लोगो होता. या नव्या आवृत्तीत क्लोव्हरचा थेट सहभाग नाही, म्हणून लोगो वापरायचा कायदेशीर हक्क नाही. नुसता लोगो काढायला मूळ सोर्स हाताशी नाही. मग अख्खा व्हिडिओच कापला.

म्हणजे बघा, स्वतःच काढलेल्या आणि स्वतःच बंद केलेल्या स्टुडिओचा लोगो चालेना! आणि त्याच गेमच्या अमेरिकन खोक्यावरच्या चित्रात आयजीएन या वेबसाइटचा वॉटरमार्क चुकून तसाच छापला गेला. नको तो लोगो राहिला, हवा तो गेला. कॅपकॉमने नवी कव्हरं फुकट वाटली. नावांचं काय? एवढ्या लोकांची मेहनत अशी वगळल्याचं कामियांना वाईट वाटलं, आणि त्यांनी तसं लिहिलंही.

आपल्या धंद्यात हे रोजचंच. प्रोजेक्ट दुसऱ्या टीमकडे जातं, कोड नव्या रिपॉझिटरीत कॉपी होतो आणि जुनी हिस्टरी मागेच राहते. कुणाचा वाईट हेतू नसतो. फक्त कुणी एक दिवस जास्त खर्च करत नाही. नावं टाइप करून साध्या काळ्या पडद्यावर दाखवायला किती वेळ लागला असता?

असो. डिसेंबर २०२४ मध्ये 'ओकामी'च्या पुढच्या भागाची घोषणा झाली. दिग्दर्शक पुन्हा कामिया. त्यांच्या नव्या स्टुडिओचं नाव? क्लोव्हर्स. :)