पत्रातलं रेखाटन सहज नसतं

चित्रकाराच्या पत्रात मजकुराशेजारी शाईचं रेखाटन दिसलं की आपण म्हणतो, किती सहज उतरलंय! पूर्वपक्ष असा: कॅनव्हासपुढे चित्रकार सावध असतो, पत्रात मोकळा होतो, आणि त्या मोकळेपणाची आपल्याला भुरळ पडते. मला हे मान्य नाही. या कौतुकात रेखाटनामागच्या विचाराचं श्रेय बुडतं.

ऑक्टोबर १८८८ मध्ये व्हॅन गॉगने आर्ल्सहून आपला भाऊ थिओला झोपायच्या खोलीच्या चित्राचं रेखाटन धाडलं. दुसऱ्या दिवशी त्याच चित्राचं आणखी एक चित्रकार मित्र गोगँला. पलंग, खुर्च्या, तसबिरी त्याने रेषेवर सोपवल्या. भिंतीचा फिकट जांभळा आणि पलंगाचा लोण्यासारखा पिवळा शब्दांत लिहिला. काय रेषेने दाखवायचं आणि काय शब्दाने सांगायचं, ही वाटणी लिहिता लिहिता आपोआप होत नाही. चित्र न पाहिलेल्या माणसाला ते दिसावं म्हणून ती करावी लागते.

काळ्या शाईमागेही आपण उगाच हळवेपणा शोधतो. ती बरेचदा गरजेतून येते. सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. रंगांधळेपणामुळे रंग सुटले आणि ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. १९१० मध्ये त्यांनी इथे, तेव्हाच्या औंध संस्थानात, कारखाना उभारला. संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. वाडीहून १९२० पासून निघालेल्या मासिकाचे संपादक शंकरराव किर्लोस्कर, तेही चित्रकार. त्या काळच्या छपाईत रेषेच्या ब्लॉकला काळं आणि पांढरं एवढंच कळे. फिकट छटा त्यात उतरत नसे. मासिकांसाठी काम करणाऱ्याला ठाम, उघडी रेषा कमवावी लागे. असा कमावलेला हात घरचं पत्र लिहितानाही तोच राहतो. आपण ज्याला सहजता म्हणतो, ती बहुधा हीच कमाई असते.

कोणी म्हणेल, मग जिव्हाळा कुठे उरला? माझ्या मते तो इथेच आहे. चित्रकार नंदलाल बसूंनी शिष्यांना आणि आप्तांना कार्डांवर चित्रं काढून पाठवली. तळहाताएवढ्या जागेत काय ठेवायचं नि काय गाळायचं, हे ठरवताना समोर एक ठरावीक माणूस असतो. इतकं लक्ष आपण फार थोड्यांना देतो.

म्हणून सातारा-सांगलीकडच्या एखाद्या घरात जुन्या ड्रॉइंग मास्तरांची अशी पत्रं निघाली, तर चित्र कापून चौकटीत बसवू नये. मायना, मजकूर, पाकीट, टपालाचा शिक्का सगळं एकत्र ठेवावं. ते कुणासाठी काढलं हे कळेनासं झालं, तर त्यातली अर्धी रेघ का गाळली हेही कळत नाही.