पंखातला एक ठिपका

पोंभुर्ण्याला आजोळी गेलो की सकाळी मी बांधीच्या धुऱ्यावर पालथा पडलेला असतो. आजी लांबून विचारते, "का पाहून राहिला गा?" नखाएवढं फुलपाखरू, असं काय सांगणार?

मागच्या पावसाळ्यात असंच एक टिपलं. फोनमधल्या अ‍ॅपने 'लेसर ग्रास ब्लू' सांगितलं आणि मीही तशीच नोंद टाकली. दोन दिवसांनी फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा चूक कळली. गवतातल्या या निळ्यांची चौघांची भावकी आहे: पेल, डार्क, लेसर, टायनी. उडताना काही कळत नाही. पंख मिटून बसलं की खालची राखाडी बाजू दिसते, ओळख तिथे पटते. पुढच्या पंखाच्या बुडाशी शिरांनी वेढलेली लांबट जागा असते, तिला सेल म्हणतात. सेलच्या टोकाची आडवी रेघ चौघांनाही असते, ती धरायची नाही. सेलच्या आत ठिपका असेल तर पेल किंवा डार्क; नसेल तर लेसर किंवा टायनी. माझ्या फोटोत ठिपका होता आणि वरची बाजू फिकट, चंदेरी निळी. म्हणजे पेल. आमच्या भाषेत, एक बिट चुकला होता.

नोंद सुधारली, पण मग जुन्या नोंदींचं वेड लागलं. या पेलचं शास्त्रीय नाव 'महा'. बॅरन ह्यूगेलने हिमालयाच्या प्रवासात गोळा केलेल्या कीटकांमधून व्हिएन्नाच्या कोलारने 1844 मध्ये ते दिलं. अडीच-तीन सेंटीमीटरच्या जिवाला महा! चांदा तेव्हा नागपूरकर भोसल्यांकडे होता. पुढे मध्य प्रांत झाला, 1863 मध्ये नागपूरला अजब बंगला उघडला. 1890-91 मध्ये बेथम यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये मध्य प्रांतातल्या फुलपाखरांवर लिहिलं. 1931 मध्ये नागपूर संग्रहालयाने ई. ए. डी'अब्रू यांची यादी छापली: 177 जाती. 2011 मध्ये आशिष टिपले यांनी विदर्भाची यादी दिली: 167.

दहा जाती गेल्या? मीही आधी तीच वजाबाकी केली होती. पण डी'अब्रूंच्या प्रांतात जबलपूर, पचमढीही होतं. टिपल्यांची यादी फक्त विदर्भाची. दोन वेगळ्या नकाशांचे आकडे एकमेकांतून वजा होत नाहीत.

हा काथ्याकूट कशाला, असं मित्र विचारतात. 2011 च्या फुकुशिमा अणुअपघातानंतर र्‍यूक्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी याच 'महा'चे पंख तपासले आणि पंखांच्या आकारातले, ठिपक्यांतले बिघाड 2012 मध्ये प्रसिद्ध केले. हे जमलं, कारण नेहमीचा ठिपका कुठे असतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पोंभुर्ण्याच्या धुऱ्यावर नेहमीचं काय, हे कोणी लिहून ठेवलंय? माझी पहिली नोंद तर चुकीचीच होती.

'महा'च्या अळ्या आंबुटी खातात. यंदा मामा धुऱ्यांवर तणनाशक मारायला निघाले होते. म्हटलं, "मामा, विहिरीकडचा तेवढा धुरा सोडता का?"

"त्या गवतासाठी?" ते हसले. पण पंप फिरवून पलीकडच्या बांधीकडे गेले.