अंगण, कुरण आणि शाळा : जुन्या ठाणे जिल्ह्यातील एक शिक्षणप्रयोग

कल्याणपलीकडचे आंबिवली आणि डहाणू तालुक्यातील कोसबाडची टेकडी ही दोन्ही स्थळे २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत एकाच ठाणे जिल्ह्यात मोडत. आंबिवलीकडील एखाद्या कातकरी वस्तीत देणग्यांच्या बळावर शाळा उभारू पाहणाऱ्यास जुन्या जिल्ह्यातील कोसबाडचा पूर्वानुभव डावलता येणार नाही. अशा शाळांचा इतिहास बहुधा दात्यांच्या नामावळीने व इमारतीच्या पायाभरणीने सुरू होतो. कोसबाडचा इतिहास तसा लिहू गेल्यास त्यातील सार निसटते.

ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरला बालशिक्षणाचे काम केले होते. १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या त्या प्रमुख कार्यकर्त्या होत्या. माँटेसरी पद्धती शहरी सुखवस्तू घरांपुरती राहू नये, या विचाराने त्यांनी डिसेंबर १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या.

या वर्षाकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे मला वाटते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी सावकाराकडे राबणाऱ्या ‘लग्नगड्या’ची स्थिती सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या अहवालाने सरकारदरबारी मांडली होती. बाळासाहेब खेरांचे आदिवासी सेवा मंडळ १९४० पासून कार्यरत होते. तरीही वेठ सुटली नव्हती. मे १९४५ मध्ये झरी येथे किसान सभेची परिषद भरून वारल्यांचा लढा उभा राहिला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्यास गोळीबार होऊन पाच जण मारले गेले. बोर्डीचे केंद्र उघडले ते यानंतर जेमतेम अडीच महिन्यांनी! त्या लढ्याने केंद्र जन्मास घातले, असे म्हणण्यास आधार नाही. परंतु ज्यांची मुले शाळेत यावयाची त्या आईबापांच्या मनातील धास्ती समजून घ्यावयाची तर हा कालक्रम ध्यानी ठेवावाच लागतो.

मुले आपण होऊन येईनात. तेव्हा शिक्षिकाच वस्तीत गेल्या आणि कोणाच्या तरी अंगणात वर्ग भरू लागला. तीच ‘अंगणवाडी’. १९५६-५७ च्या सुमारास काम कोसबाडला हलले. तेथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी ‘विकासवाडी’ आकारास आली. थोरली मूल धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी अडकून पडे. पाळणाघरामुळे ती अडचण दूर होई. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी शिक्षक साहित्य घेऊन चराईच्या रानात जात, ती ‘कुरणशाळा’.

या नावांचा भाषिक विचार मनोरंजक आहे. ‘बालवाडी’ हा शब्द जर्मन ‘किंडरगार्टन’च्या वळणावर घडलेला; त्यातील ‘वाडी’ म्हणजे बाग. बोर्डी-घोलवडच्या मुलखात मात्र वाडी म्हणजे चिकूची वाडी. मालकाची, आणि वारल्याने मजुरीस जाण्याची. मुळात ‘वारली’ हे नावच ‘वरल’, म्हणजे जमिनीचा लहानसा तुकडा, यावरून आल्याची एक व्युत्पत्ती सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, ‘अंगणवाडी’ या समासाने वाडी प्रथमच वारल्याच्या दाराशी आणली, हे खरे.

उणीवही नोंदविली पाहिजे. शाळा पाड्यावर गेली. पाठ्यपुस्तकाची मराठी मात्र पुण्यामुंबईचीच राहिली. कणसरीची कथा, धवलेरीची लग्नगीते, तारप्याच्या नाचाचे शब्द हे मुलाचे खरे शब्दभांडार. प्रमाणभाषेतील पहिला धडा हाती येताच त्यातले बरेचसे निरुपयोगी ठरते. देणगीतून उभारलेल्या सुबक इमारतीतही हे अंतर तेवढेच राहते. माझ्या मते शाळेसाठी जमविलेल्या निधीतील पहिला पैसा पाड्याची बोली जाणणाऱ्या शिक्षकाच्या वेतनावर खर्चावा, भिंतींवर नव्हे.

१९७५ साली केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा ‘अंगणवाडी’ हा शब्द तिने उचलला आणि तो देशभर गेला. ‘कुरणशाळे’स ते भाग्य लाभले नाही. तो शब्द स्वीकारावयाचा तर शाळकरी वयाचे मूल दिवसभर दुसऱ्याची गुरे राखते, हेही सरकारी कागदावर मान्य करावे लागले असते.